बाकीचे वीस कुठे गेले? ओसिमेनची सुरुवातीची कारकीर्द आणि केस निवडताना होणारी चूक

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर असलेल्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, केस कुठली घेऊ?" या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण चुकीची केस कशी निवडायची, हे मात्र मी अनुभवावरून सांगू शकते.

माझा विषय आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या तरुण फुटबॉलपटूंचं स्थलांतर. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या उत्साहानं एकच केस घेतली होती, नायजेरियाचा व्हिक्टर ओसिमेन. गरिबी, जिद्द, वर्ल्ड कप, युरोप, अपयश, मग यश. सगळं होतं त्यात. प्रेझेंटेशन संपल्यावर समितीतल्या एका सरांनी विचारलं, "२०१५ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप म्हणालात ना? किती जणांचा संघ होता तो?"

"एकवीस, सर."

"बरं. मग बाकीचे वीस कुठे गेले?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला, आणि सहा महिने गेले. आज वाटतं, ते सहा महिने वाया गेले नाहीत. त्या एका प्रश्नामुळे माझं संशोधन सुरू झालं. तो प्रश्न नेमका काय होता, हे या पोस्टमध्ये ओसिमेनच्याच उदाहरणानं समजून घेऊ. फुटबॉल कळत नसेल तरी चालेल.

गोष्ट जशी सांगितली जाते

आधी ती गोष्ट, जशी मी सिनॉप्सिसमध्ये लिहिली होती तशी.

ओसिमेनचा जन्म २९ डिसेंबर १९९८ चा, लागोस शहरातला. लागोसमध्ये ओलुसोसुन नावाचा प्रचंड मोठा कचरा डेपो आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीत तो वाढला. आई लवकर गेली. ट्रॅफिकमध्ये थांबलेल्या गाड्यांना पाण्याची पाकिटं विकली, कचऱ्यातून खेळायचे बूट शोधले, असं त्यानं स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. लागोसच्या 'अल्टिमेट स्ट्रायकर्स' अकॅडमीत तो खेळायचा. तिथून तो १७ वर्षांखालच्या राष्ट्रीय संघात आला. संघाचा कोच होता इमॅन्युएल अमुनिके, १९९४ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटू.

२०१५ चा वर्ल्ड कप चिलीमध्ये झाला. नायजेरियानं फायनलमध्ये मालीला २-० असं हरवलं. ओसिमेननं स्पर्धेत १० गोल केले. एका स्पर्धेत इतके गोल याआधी कोणी केले नव्हते, आधीचा विक्रम ९ चा होता. गोल्डन बूट त्याला मिळाला.

जानेवारी २०१७ मध्ये तो जर्मनीच्या वोल्फ्सबुर्ग क्लबात गेला आणि तिथे गाडी अडली. दुखापती झाल्या, खांद्याचं ऑपरेशन झालं. वोल्फ्सबुर्गकडून तो सोळा सामन्यांत मैदानावर उतरला आणि एकही गोल झाला नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याला मलेरिया झाला. झुल्टे वारेगेम आणि क्लब ब्रुग्ज या बेल्जियमच्या दोन क्लबांनी चाचणी घेऊन त्याला नाकारलं. शेवटी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्याच शार्लरुआ क्लबानं त्याला लोनवर, म्हणजे उसना, घेतलं. तिथे एका सीझनमध्ये ३६ सामन्यांत २० गोल झाले. शार्लरुआनं त्याला कायमचं विकत घेतलं आणि लगेच २०१९ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या लीलला विकलं. लीलकडून १८ गोल केले आणि २०२० मध्ये तो इटलीच्या नापोलीत गेला. २०२२-२३ मध्ये नापोली ३३ वर्षांनी इटलीचा विजेता ठरला. ओसिमेन २६ गोलांसह लीगमध्ये अव्वल होता, आणि २०२३ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटूही तोच ठरला.

या गोष्टीवरून मी निष्कर्ष काढला होता: "प्रतिकूल बालपणातून आलेली जिद्द आणि अपयश पचवण्याची ताकद हे यशस्वी स्थलांतराचे निर्णायक घटक आहेत." वाचायला छान वाटतं. अडचण एवढीच, की माझ्या पुराव्यातून हे निघतच नाही.

चूक कुठे झाली?

कचरा डेपोच्या आसपास वाढलेला आणि रस्त्यावर पाणी विकणारा ओसिमेन हा काही एकटा मुलगा नव्हता. लागोसमध्ये अशी हजारो मुलं आहेत, आणि त्यातली कितीतरी जिद्दी असतील, फुटबॉलही खेळत असतील. कष्टाचं बालपण हे जर यशाचं कारण असेल, तर तसंच बालपण असलेली बाकीची मुलं का पोचली नाहीत, याचं उत्तर द्यावं लागेल. मी ते देऊ शकत नव्हते, कारण मी त्या मुलांकडे पाहिलंच नव्हतं.

याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. साध्या मराठीत, टिकलेल्यांकडेच बघून टिकण्याचं कारण ठरवणं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं उदाहरण नेटच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण स्वतःची केस निवडताना आपण तीच चूक करतो, कारण आपली केस आपल्याला माहीत झालेली असते तीच मुळी तो माणूस टिकला म्हणून. ओसिमेनच्या बालपणाबद्दल मुलाखती का उपलब्ध आहेत? तो मोठा झाला म्हणून. जो लागोसमध्येच राहिला, त्याला बालपणाबद्दल कोणी विचारत नाही.

हा मुद्दा फक्त थिसिसपुरता नाही. पश्चिम आफ्रिकेत खोटे एजंट मुलांच्या घरच्यांना नेमकी हीच गोष्ट सांगतात. "अमका गेला, तमका गेला, तुमचा मुलगाही जाईल, फक्त व्हिसा आणि चाचणीचे पैसे भरा." घरचे जमीन विकतात, कर्ज काढतात. मग मुलगा युरोपातल्या एखाद्या शहरात एकटा सोडून दिला जातो. अशा मुलांना मदत करायला कॅमेरूनचा माजी खेळाडू जाँ-क्लोद मबवूमँ यानं २००० साली पॅरिसमध्ये 'फूट सॉलिडेर' ही संस्था काढली. म्हणजे छेद लपवून फक्त अंश दाखवला, तर त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. संशोधक म्हणून आपणही फक्त अंशच दाखवत असू, तर त्या एजंटपेक्षा आपण फार वेगळं काय करतो?

सुरुवातीच्या रेषेवर उभं राहा

उपाय ऐकायला सोपा आहे. जिथे शर्यत संपते तिथे उभं राहून जिंकलेल्याला विचारू नका. जिथे सुरू होते तिथे उभं राहा आणि सगळ्यांच्या मागे जा. याला कोहॉर्ट पद्धत म्हणतात. आधी एक गट ठरवायचा, तोही निकाल न बघता. मग त्या गटातल्या प्रत्येकाचं काय झालं ते नोंदवायचं.

१७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये दर वेळी दोन मोठे पुरस्कार असतात. सर्वोत्तम खेळाडूला गोल्डन बॉल आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याला गोल्डन बूट. २००७ ते २०१५ या पाच स्पर्धांमध्ये हे पुरस्कार मिळवलेले आफ्रिकेचे खेळाडू असे:

२००७: नायजेरियाचा मॅकॉली क्रिसँटस, ७ गोल, गोल्डन बूट. जर्मनीच्या हॅम्बुर्गनं घेतलं. तिथे बस्तान बसलं नाही, पुढे वेगवेगळ्या देशांत खेळला.

२००९: नायजेरियाचा सानी इमॅन्युएल, गोल्डन बॉल. इटलीच्या लाझिओनं घेतलं. नाव मोठं झालं नाही.

२०११: आयव्हरी कोस्टचा सुलेमान कुलिबाली, चार सामन्यांत ९ गोल, गोल्डन बूट. इंग्लंडच्या टॉटनहॅमनं घेतलं. त्यांच्या मुख्य संघाकडून एकदाही खेळला नाही. पुढे स्कॉटलंड, इजिप्त असा प्रवास.

२०१३: नायजेरियाचा केलेची इहेनाचो, गोल्डन बॉल. मँचेस्टर सिटी, मग लेस्टर. प्रीमियर लीगमध्ये बरीच वर्षं टिकला.

२०१५: गोल्डन बूट ओसिमेनला. आणि गोल्डन बॉल? तो त्याच संघाचा कर्णधार केलेची न्वाकाली याला मिळाला.

सहा नावं. त्यातले दोन युरोपच्या मोठ्या लीगमध्ये रुजले, असं ढोबळमानानं म्हणता येईल. सहाच नावं आहेत, त्यामुळे "३३ टक्के" वगैरे लिहू नका. इतक्या छोट्या गटात टक्केवारी काढणं म्हणजे फसवणूकच. पण माझी आधीची गोष्ट मोडायला हे सहा जण पुरेसे आहेत. सतराव्या वर्षी जगात सर्वोत्तम ठरणं आणि पंचविसाव्या वर्षी शिखरावर असणं यांच्यात बरंच काही घडतं, आणि आपल्याला समजून घ्यायचंय ते हेच मधलं.

एकच संघ, एकच कोच, दोन वाटा

न्वाकालीचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. तोच संघ, तोच कोच, तीच स्पर्धा. आणि २०१५ मध्ये ठरवायचं झालं असतं, तर पुरस्काराच्या नावाप्रमाणे "सर्वोत्तम" तो होता, ओसिमेन नव्हे. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला आर्सेनलनं करारबद्ध केलं. कागदावर ही वोल्फ्सबुर्गपेक्षा मोठी उडी होती.

आर्सेनलच्या मुख्य संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. तिथून तो लोनवर नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्टला, मग व्हेनलोला, परत मास्ट्रिख्टला, मग पोर्तुगालमध्ये पोर्तोच्या दुसऱ्या संघात गेला. २०१९ मध्ये स्पेनच्या हुएस्कानं त्याला घेतलं. पुढे तो नायजेरियाच्या मुख्य राष्ट्रीय संघातही आला. म्हणजे "अपयशी" हा शब्द चुकीचाच. पण ओसिमेनची वाट आणि त्याची वाट वेगळी झाली हे खरं.

अशा दोन केस शेजारी ठेवल्या की प्रश्न बदलतो. "ओसिमेन का यशस्वी झाला?" हा प्रश्न बाजूला पडतो आणि "एकाच ठिकाणाहून निघालेल्या दोघांच्या वाटा नेमक्या कुठे फुटल्या?" हा प्रश्न पुढे येतो. पहिल्या प्रश्नाला कुठलंही उत्तर चालतं, दुसऱ्याला नाही.

वेगळेपणाच्या काही जागा दिसतात. एक, खेळण्याची जागा. ओसिमेन स्ट्रायकर, त्याचं काम गोलांच्या आकड्यात दिसतं. न्वाकाली मिडफिल्डर, त्याचं काम समजायला बघणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, आणि उसन्या खेळाडूला तो वेळ कोण देणार? दोन, परवाना. त्या काळात युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूला इंग्लंडमध्ये खेळायला कामाचा परवाना लागायचा आणि तो देताना राष्ट्रीय संघाकडून किती सामने खेळला हे बघितलं जायचं. अठरा वर्षांच्या नायजेरियन मुलाचे मुख्य संघाकडून असे सामने कुठून असणार? तीन, लोनची साखळी. दर वर्षी नवा देश, नवी भाषा, नवा कोच.

लक्षात घ्या, ही माझी गृहीतकं आहेत, निष्कर्ष नाहीत. दोन माणसांमध्ये शंभर गोष्टी वेगळ्या असतात. त्यातल्या तीन मला दिसल्या, म्हणून त्याच कारण ठरत नाहीत. पण गृहीतक म्हणून त्या "जिद्दी"पेक्षा चांगल्या आहेत, कारण त्या तपासता येतात. जिद्द मोजायची कशी, हे मला आजही माहीत नाही.

वाढदिवसाची गंमत

डेटा मांडायला घेतल्यावर मला एक पॅटर्न दिसला. मी एका कागदावर जन्मतारखा आणि युरोपात जाण्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या.

ओसिमेन २९ डिसेंबर २०१६ ला अठरा वर्षांचा झाला. वोल्फ्सबुर्ग, जानेवारी २०१७.
न्वाकाली ५ जून २०१६ ला अठराचा. आर्सेनल, ऑगस्ट २०१६.
त्याच संघातला सॅम्युएल चुक्वुएझे मे २०१७ मध्ये अठराचा. स्पेनचं व्हियारेआल, २०१७.
इहेनाचो ऑक्टोबर २०१४ मध्ये अठराचा. मँचेस्टर सिटीत अधिकृत प्रवेश, जानेवारी २०१५.
विल्फ्रेड न्दिदी डिसेंबर २०१४ मध्ये अठराचा. बेल्जियमचं गेंक, जानेवारी २०१५.

कारण सरळ आहे. फिफाच्या बदली नियमांच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करता येत नाही. अपवाद मोजकेच. मुलांचा बाजार होऊ नये म्हणून हा नियम आहे. पण त्याचा परिणाम असा, की वर्ल्ड कप गाजवलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वर्ष-दीड वर्ष मधल्या अवस्थेत लटकतो. सगळे क्लब मागे लागलेले, एजंट घरी येऊन बसलेले, आणि सही मात्र करता येत नाही. ओसिमेनचा फायनल नोव्हेंबर २०१५ मध्ये झाला आणि वोल्फ्सबुर्ग जानेवारी २०१७ मध्ये. मधले चौदा महिने माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एका ओळीत उरकले होते. आज मला वाटतं, संशोधनाचा खरा मसाला त्या चौदा महिन्यांतच आहे. कोण सल्ला देत होतं? पैसे कुठून येत होते? निर्णय मुलाचा होता की दुसऱ्या कुणाचा?

आता थांबा. वरची पाच नावं मी कुठून उचलली? जे गेले त्यांच्यातूनच! म्हणजे मी परत तीच चूक केली. या यादीवरून "जे जातात ते अठरा पूर्ण झाल्या झाल्या जातात" एवढं फार तर म्हणता येईल. "अठरा पूर्ण झाल्यावर जाता येतं" असं म्हणता येणार नाही, कारण अठरा पूर्ण होऊनही न गेलेल्यांची यादी माझ्याकडे नाही. ही चूक एकदा कळली म्हणजे परत होत नाही, असं समजू नका. ती रोज होते. रोज पकडावी लागते.

बेल्जियमच का?

ओसिमेनची गाडी रुळावर आली ती बेल्जियममध्ये. एकट्याची केस बघितली तर हा योगायोग वाटतो. इतिहास बघितला तर तसं वाटत नाही.

स्टीफन केशी १९८० च्या दशकात बेल्जियममध्ये, लोकेरन आणि मग अँडरलेख्टकडून खेळला. त्याच्या पाठोपाठ व्हिक्टर इक्पेबा आणि संडे ओलिसेह लिएजमध्ये, डॅनियल अमोकाची क्लब ब्रुग्जमध्ये, सेलेस्टीन बाबायारो अँडरलेख्टमध्ये आले. नायजेरियाच्या १९९० च्या दशकातल्या सोनेरी पिढीचे कितीतरी पाय बेल्जियममधूनच पुढे गेले. न्दिदी गेंकमधून लेस्टरला गेला. म्हणजे शार्लरुआच्या दारात ओसिमेन पोचला तेव्हा ती वाट तीस वर्षं वापरात होती.

यामागे नियम आहेत. नेदरलँड्समध्ये युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूला द्यायचा किमान पगार खूप मोठा आहे. बेल्जियममध्ये ही अट त्या मानानं हलकी, त्यामुळे मध्यम क्लबालाही धोका पत्करता येतो. मग बेल्जियमचे क्लब स्वस्तात घेतात, एक-दोन सीझन खेळवतात आणि महागात विकतात. शार्लरुआनं नेमकं हेच केलं. स्थलांतराच्या अभ्यासात याला पायरीपायरीनं होणारं स्थलांतर म्हणतात. आपल्याकडे गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि मग पुण्या-मुंबईला जातात, तसंच हे. न्वाकालीची पहिली पायरी लंडन होती, म्हणजे थेट वरची. त्यामुळे त्याला खाली यावं लागलं. हेही गृहीतकच. पण तपासण्याजोगं.

यश म्हणजे नेमकं काय?

आतापर्यंत मी "यशस्वी" हा शब्द बिनधास्त वापरलाय. समितीतले सर असते तर इथेही अडवलं असतं. यशाची व्याख्या केली कुठे?

नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना माहीत आहे. तोसुद्धा कधीकाळी "युरोपातला होतकरू नायजेरियन तरुण" होता. पॅरिस सेंट-जर्मेनकडून अगदी लहान वयात खेळला, २००२ चा वर्ल्ड कप सतराव्या वर्षी खेळला. पुढे फ्रान्स, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असा फिरला. ज्या उंचीचं भाकीत केलं जात होतं ती गाठली नाही. युरोपपुरतंच बघणारा संशोधक त्याची फाईल इथे बंद करेल. पण २०१८ मध्ये तो इंडियन सुपर लीगमध्ये आला. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीकडून विजेता झाला. कोविडमुळे तो सगळा सीझन गोव्यात झाला होता. पुढच्या वर्षी हैदराबादकडून १८ गोल करून गोल्डन बूट मिळवला, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

ओगबेचे यशस्वी की अयशस्वी? उत्तर तुम्ही काय मोजता यावर आहे. किती वर्षं व्यावसायिक खेळला? घरी किती पैसे पाठवले? राष्ट्रीय संघ? मोठी लीग? की त्याला स्वतःला काय वाटतं? पॉल डार्बी, जेम्स एसन आणि ख्रिस्तियन उंगरूह यांचं 'आफ्रिकन फुटबॉल मायग्रेशन' हे २०२२ चं पुस्तक मला आवडतं ते यासाठी. ते फक्त पोचलेल्यांवर थांबत नाहीत. जायची स्वप्नं बघणारे, अडकलेले, परत आलेले, निवृत्त झालेले, सगळे त्यांच्या अभ्यासात येतात.

आकड्यांवर पटकन विश्वास नको

काही छोट्या सूचना, ज्या मी ठेच लागून शिकले.

"सोळा सामने, शून्य गोल" हा आकडा ऐकून वाटतं की ओसिमेन वोल्फ्सबुर्गमध्ये पूर्ण अपयशी ठरला. पण त्यातल्या अनेक सामन्यांत तो शेवटच्या काही मिनिटांपुरता उतरला होता. सामने मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा. छेद बदलला की गोष्ट बदलते.

"सात सामन्यांत दहा गोल" याच्याही प्रेमात पडू नका. सात सामने म्हणजे अगदी छोटं सॅम्पल. इतक्या कमी सामन्यांत कुणीतरी असामान्य दिसणारच. पुढे आकडे खाली येतात तेव्हा त्याला "दबावाखाली कोसळला" म्हणायची घाई होते. पुष्कळदा तो फक्त सरासरीकडे परतलेला असतो.

बदलीची रक्कमही तशीच. नापोलीनं ओसिमेनसाठी सुमारे ७ कोटी युरो मोजल्याचं सगळीकडे छापून आलं. पण त्या व्यवहारात चार खेळाडू उलट दिशेनं लीलला गेले, आणि त्यांची कागदावरची किंमत धरूनच तो आकडा होतो. त्या किमतींची पुढे इटलीत चौकशीही झाली. म्हणजे एक्सेलमध्ये "७०" टाकताना आपण नक्की काय टाकतोय, हे लिहून ठेवा.

आणि मुलाखती. यशस्वी माणूस मागे वळून बघतो तेव्हा त्याला सगळ्या घटना एका रेषेत दिसतात. तो खोटं बोलत नसतो. शेवट माहीत असल्यावर आठवण तशीच रचली जाते. मलेरिया झाला तेव्हा ओसिमेनला हे माहीत नव्हतं की हा "संघर्षाचा टप्पा" आहे आणि पुढे शार्लरुआ आहे. त्या उन्हाळ्यात तो फक्त आजारी होता, आणि त्याला क्लब मिळत नव्हता.

मग एकच केस घ्यायचीच नाही का?

घ्या की! एका केसनं "का" सिद्ध होत नाही, पण "कसं" हे एका केसइतकं चांगलं कुठेच दिसत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन क्लबांनी नकार दिला आणि तिसऱ्यानं होकार दिला. तो होकार आला नसता तर? मग ओसिमेनचं नाव वरच्या यादीत क्रिसँटस आणि कुलिबालीच्या शेजारी लिहिलं गेलं असतं, आणि आपण म्हटलं असतं, "सतराव्या वर्षी किती छान खेळायचा." तोच मुलगा, तेच बालपण, तीच जिद्द. अशी नाजूक वळणं सर्व्हेतून दिसत नाहीत, केसमधून दिसतात. फक्त ती केस कुठल्या गटातून उचलली आणि त्या गटातल्या बाकीच्यांचं काय झालं, हे पहिल्याच पानावर सांगा.

माझा दुसरा सिनॉप्सिस मंजूर झाला. त्यात ओसिमेन आहे, पण तो एकवीस ओळींच्या तक्त्यातली एक ओळ आहे. काही ओळी भराभर भरल्या. चुक्वुएझे व्हियारेआलमधून पुढे एसी मिलानला गेला. ओर्जी ओकोन्क्वो इटलीच्या बोलोन्यात गेला. फायनलमध्ये दुसरा गोल करणारा फुन्शो बामग्बोये हंगेरीच्या लीगमध्ये खेळला. काही ओळी भरायला महिने लागले. काही अजून रिकाम्या आहेत. गाईड म्हणतात, रिकाम्या ओळी पुसू नकोस, त्याही डेटाच आहेत. कुणाबद्दल माहिती मिळत नाही, हेसुद्धा काहीतरी सांगतं.

तुमचा विषय फुटबॉल नसेल. एमपीएससीत यशस्वी झालेल्यांवर असेल, सेंद्रिय शेतीत नफा कमावलेल्या शेतकऱ्यांवर असेल, महिला उद्योजकांवर असेल, बचत गटांवर असेल. सिनॉप्सिस द्यायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा.

१. माझ्या केसची सुरुवात झाली तेव्हा तिच्याबरोबर आणखी कोण कोण होतं?
२. त्यातल्या किती जणांची माहिती मला मिळू शकते, आणि कुणाची मिळणार नाही?
३. यश मी कशानं मोजणार आहे, आणि हे मी निकाल बघायच्या आधी ठरवलंय का?
४. मी जे कारण सांगतेय किंवा सांगतोय, ते न पोचलेल्यांमध्येही आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, तर ते कारण खोडा आणि परत सुरुवात करा. समितीसमोर खोडावं लागण्यापेक्षा घरी खोडलेलं बरं.